डॉन कामिल्लोचे गाव आणि शीतयुद्धाचा उगम

शीतयुद्धाच्या उगमाविषयी लिहिलेले बहुतेक ग्रंथ आपल्याला परिषदांच्या मेजापाशी नेऊन बसवतात. याल्टा, पॉट्सडॅम, फुल्टन ही नावे त्यांत पुनःपुन्हा येतात. कोणी कोणता नकाशा पुढे सरकवला, कोणी कोणाला दिलेला शब्द मोडला, याचा हिशेब हे ग्रंथ मोठ्या कसोशीने मांडतात. तो आवश्यकच आहे. परंतु ज्यांच्या माथ्यावरून त्या नकाशातल्या रेषा ओढल्या गेल्या, त्या साध्या माणसांच्या गावात त्या काळी काय घडत होते, शेजारी शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहू लागला होता, हे सांगण्याचे काम बहुधा साहित्यालाच करावे लागते. हे काम केलेले एक पुस्तक १९४८ साली इटलीतील मिलान शहरी प्रसिद्ध झाले. जोव्हान्नीनो ग्वारेस्की हे त्याचे लेखक आणि 'मोन्दो पिक्कोलो: डॉन कामिल्लो' हे त्याचे नाव. 'मोन्दो पिक्कोलो' म्हणजे छोटेसे जग. 'डॉन' ही इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी. हिंदी चित्रपटांनी या शब्दाला जो अर्थ चिकटवला आहे, तो येथे अर्थातच अभिप्रेत नाही.

आपल्याकडे हे पुस्तक १९५० सालच्या इंग्रजी अनुवादातून आले. ज्युलियाँ द्युव्हिव्हिए यांनी १९५२ साली त्यावर चित्रपट काढला आणि फेर्नांदेल या नटाचा लांबट, घोड्यासारखा हसरा चेहरा डॉन कामिल्लोला कायमचा चिकटला. पुस्तकाचा विषय थोडक्यात असा: पो नदीकाठच्या एका खेड्यात डॉन कामिल्लो नावाचे धिप्पाड, तापट धर्मगुरू आहेत, त्याच गावात पेप्पोने नावाचा तितकाच धिप्पाड आणि तापट कम्युनिस्ट पुढारी निवडून येऊन गावचा प्रमुख, आपल्या भाषेत सरपंच, झाला आहे. दोघांची रोज उठून जुंपते. आपण कॅथलिक वाचक हे पुस्तक विनोदी म्हणून वाचतो आणि आपल्या फादरांनी लाल सरपंचाची कशी जिरवली, याचा आनंद घेतो. माझ्या मते असे वाचन या पुस्तकावर अन्याय करणारे आहे. वैर कसे जन्माला येते आणि ते कशाने आवरले जाते, हा या कथांचा खरा विषय आहे. आणि त्यात सर्वाधिक बोलणी खातात ते धर्मगुरू.

मेजावरचे जग

कथांकडे वळण्यापूर्वी मोठ्या जगात काय चालले होते, ते थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९४४ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, चर्चिल मॉस्कोला गेले आणि त्यांनी एका कागदावर काही आकडे लिहून स्टालिन यांच्यापुढे सरकवले. रुमानियात ९० टक्के वर्चस्व रशियाचे, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचे, युगोस्लाव्हियात आणि हंगेरीत निम्मे निम्मे. स्टालिन यांनी त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. ज्या देशांतील माणसांचे भवितव्य असे टक्क्यांत वाटले गेले, त्यांतला एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचे वचन दिले गेले. जानेवारी १९४७ मध्ये त्या झाल्या तेव्हा त्यांत उघड लबाडी होती. दरम्यान ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावलेल्या सोव्हिएत रशियाला आपल्या सीमेवर मित्रराष्ट्रांची तटबंदी हवी होती. ती तटबंदी म्हणजे आक्रमणाची तयारी आहे, असे अमेरिकेला वाटले. जगाचा व्यापार खुला असावा, अशी अमेरिकेची इच्छा होती. तो खुलेपणा म्हणजे आपल्या गळ्याभोवतीचा फास, असे मॉस्कोला वाटले. एकाची ढाल दुसऱ्याला तलवार दिसू लागली.

१९४६ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. २२ फेब्रुवारीला मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला एक दीर्घ तार पाठवली. सोव्हिएत सत्तेला आपल्याशी कायमचा सलोखा शक्यच वाटत नाही, हे तिचे सार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोव्हिकोव्ह यांनी मॉस्कोला तशीच एक दीर्घ तार पाठवली. अमेरिका जगावर प्रभुत्व गाजवू पाहते आहे, हे तिचे सार. दोन्ही तारा शेजारी ठेवून वाचल्या, तर एकाच आरशाच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी असावीत, तसे वाटते. त्या दोहोंच्या मध्ये, ५ मार्च रोजी, चर्चिल यांनी फुल्टन येथे 'पोलादी पडदा' हा शब्द जगाच्या तोंडी दिला होता. पुढची पावले भराभर पडली: मार्च १९४७ मध्ये ट्रूमन यांचे धोरण, जूनमध्ये मार्शल योजना, सप्टेंबरमध्ये कम्युनिस्ट पक्षांचे 'कॉमिन्फॉर्म', फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमधील सत्ताग्रहण, जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी.

दोष कोणाचा, यावर इतिहासकारांचे तट पडले. प्रारंभीच्या अभ्यासकांनी सारा भार स्टालिन यांच्यावर टाकला. १९५९ साली विल्यम ॲपलमन विल्यम्स यांनी अमेरिकेच्या आर्थिक महत्त्वाकांक्षेकडे बोट दाखवले. १९७२ साली जॉन लुइस गॅडिस यांनी मधला मार्ग धरला. पण सोव्हिएत दप्तरे उघडल्यावर, १९९७ साली, तेच गॅडिस स्टालिन यांच्या जबाबदारीवर अधिक भर देऊ लागले. हा वाद मला मिटवायचा नाही. मेजावरच्या जगात एक गोष्ट नव्हती, तेवढीच येथे नोंदवायची आहे: आपल्याच बाजूच्या माणसाला 'तू चुकतोस' असे सांगणारा आणि ज्याचे ऐकावेच लागेल, असा आवाज तेथे कोणाहीपाशी नव्हता.

नदीकाठचे जग

ग्वारेस्की यांचा जन्म १ मे १९०८ रोजी, म्हणजे कामगार दिनी, पार्मा प्रांतातल्या फोन्तानेल्ले या खेड्यात झाला. घराच्या तळमजल्यावर समाजवादी सहकारी संस्थेचे कार्यालय होते. त्या दिवशी लाल बावटे घेऊन जमलेल्या शेतमजुरांना समाजवादी पुढारी जोव्हान्नी फाराबोली यांनी खिडकीतून ते तान्हे बाळ उंच धरून दाखवले आणि हा आपला एक वीर होणार, असे जाहीर केले, ही आठवण ग्वारेस्की स्वतःच सांगत. आई शाळेत शिक्षिका होती, राजनिष्ठ आणि धर्मनिष्ठ. म्हणजे ज्या दोन जगांचे भांडण त्यांनी पुढे रंगवले, ती दोन्ही त्यांच्या घरात वर आणि खाली नांदत होती.

पो नदीचे ते मैदान सुपीक होते. पण जमीन थोड्यांची आणि राबणारे हात पुष्कळांचे, अशी तिथली रीत होती. १९२० च्या सुमारास मजुरांच्या संघटना बलवान झाल्या, तेव्हा जमीनदारांच्या पाठबळावर काळ्या डगल्यांच्या फॅसिस्ट टोळ्यांनी त्या मोडून काढल्या. पुढची वीस वर्षे ती आग राखेखाली धुमसत राहिली. १९४३ नंतर जर्मन सैन्याविरुद्ध आणि फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी तुकड्यांत कम्युनिस्ट सर्वाधिक होते. युद्ध संपले, तेव्हा त्यांच्यापाशी बंदुका होत्या, प्रतिष्ठा होती आणि जुने हिशेबही होते. म्हणून या मैदानातील कम्युनिझम केवळ मॉस्कोहून आयात झालेला होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याचे शब्द बाहेरचे होते, भूक घरची होती. ही गोष्ट ग्वारेस्कींना पक्की ठाऊक होती. म्हणूनच त्यांचा पेप्पोने हा शत्रुपक्षाचा हस्तक न वाटता गावचाच माणूस वाटतो.

ग्वारेस्की यांनी स्वतः सप्टेंबर १९४३ नंतर जर्मनांच्या छावण्यांत कैदी म्हणून सुमारे दोन वर्षे काढली. नाझींच्या बाजूने लढायला तयार झाल्यास सुटका होईल, हा देकार त्यांनी आणि त्यांच्या हजारो सोबत्यांनी नाकारला. १९४५ च्या अखेरीस त्यांनी मिलानमध्ये 'कान्दिदो' हे व्यंग-साप्ताहिक सुरू करण्यात भाग घेतला आणि १९४६ च्या नाताळच्या सुमारास डॉन कामिल्लोची पहिली कथा त्यात छापून आली.

क्रुसावरून बोलणारा

त्या कथेत पेप्पोने प्रायश्चित्त संस्कारासाठी येतो आणि कबूल करतो की दोन महिन्यांपूर्वी अंधारात डॉन कामिल्लोंच्या पाठीत सोटा हाणणारा तो स्वतःच होता. धर्मगुरूंचे रक्त उसळते. ते मुख्य वेदीवरील क्रुसापाशी जाऊन, त्याला एकदा बडवण्याची परवानगी मागतात. प्रभू नकार देतो: हात आशीर्वाद देण्यासाठी आहेत. मग हात आशीर्वादासाठी असले, तरी पाय तसे नाहीत, अशी पळवाट काढून डॉन कामिल्लो प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना करीत असलेल्या पेप्पोनेला एक सणसणीत लाथ घालतात. पेप्पोनेही ती अपेक्षितच होती, अशा थाटात उठतो. वाचक हसतो. पण या हसण्यात एक गंभीर गोष्ट दडली आहे. धर्मगुरूला मारलेला सोटा पेप्पोनेच्या मनाला टोचत राहिला, म्हणून तो कबुलीजबाबाच्या खुर्चीपाशी आला. वैरी असूनही दोघेही एकाच न्यायासनापुढे उभे आहेत, हे दोघांनाही मान्य आहे.

दुसऱ्या कथेत पेप्पोनेच्या घरचे बाळाला स्नानसंस्कारासाठी आणतात आणि त्याचे एक नाव 'लेनिन' ठेवू म्हणतात. डॉन कामिल्लो नकार देऊन त्यांना परत पाठवतात. क्रुसावरचा ख्रिस्त त्यांना विचारतो, या बाळाचा अपराध काय? पुढे घंटाघरात दोन्ही बलदंड पुरुषांची हातघाई होते आणि अखेरीस बाळाच्या नावांत 'कामिल्लो' येते. मग धर्मगुरूच उदार होऊन 'लेनिन'लाही जागा देतात, कारण शेजारी कामिल्लो असला की लेनिनचे काही चालायचे नाही, अशी त्यांना खात्री असते. तत्त्वाचा प्रश्न म्हणून जो उभा राहिला होता, तो बऱ्याच अंशी दोन माणसांच्या ताठ्याचा होता, हे लेखक एका वाक्याचेही प्रवचन न देता दाखवून देतो.

मला सर्वांत श्रेष्ठ वाटते ती वृद्ध शिक्षिकेची कथा. गावातल्या सगळ्यांना, पेप्पोनेलाही, जिने अक्षर शिकवले, ती मरताना सांगते की माझ्या शवपेटीवर राजाचा ध्वज घाला. इटलीत तेव्हा प्रजासत्ताक आलेले; राजाचा ध्वज म्हणजे कायद्याने आणि राजकारणाने नाकारलेली वस्तू. ग्रामसभेत सर्व पक्षांचे सभ्य लोक नियमावर बोट ठेवून नकार देतात. डॉन कामिल्लोंचे म्हणणे हेच की मृताची इच्छा मोडू नये. आणि पेप्पोने निर्णय देतो: सरपंच म्हणून मला तुमचे मत मान्य आहे, पण या गावात सत्ता सरपंचाची नसून कम्युनिस्टांची आहे, आणि कम्युनिस्टांचा प्रमुख म्हणून मी सांगतो की बाईंना हवा होता तोच ध्वज त्यांच्या पेटीवर जाईल. ज्या हुकूमशाही भाषेची आपल्याला धास्ती वाटते, तीच भाषा येथे कृतज्ञतेचे काम करते. माणूस त्याच्या पक्षाच्या वचननाम्याहून मोठा असू शकतो, ही गोष्ट एवढ्या थोड्या जागेत सांगणारी कथा माझ्या वाचनात दुसरी नाही.

या सर्व कथांचा कणा म्हणजे क्रुसावरून बोलणारा ख्रिस्त. हा ख्रिस्त पेप्पोनेशी बोलत नाही. तो डॉन कामिल्लोशीच बोलतो. म्हणजे जो आपल्या बाजूचा, जो वेदीपाशी उभा, त्याचीच तो झडती घेतो. तो कम्युनिस्ट मताला कोठेही मान्यता देत नाही. पण मत चुकीचे असणाऱ्याचा द्वेष करण्याची मुभाही आपल्या सेवकाला देत नाही. कलेच्या दृष्टीने हा ख्रिस्त धोक्याची जागा होता. थोडा तोल गेला असता, तर तो उपदेशक झाला असता किंवा विनोदाची वस्तू. ग्वारेस्कींनी त्याला मोजके बोलायला लावून आणि क्वचित हसायला लावून दोन्ही टाळले. हा आपल्या मनातील ख्रिस्त आहे, ज्याला त्याने आपल्या विवेकाशी ताडून पाहावे, असे त्यांनी सूचित केले होते. मेजावरच्या जगात ज्या आवाजाची उणीव होती, तो आवाज या लहान जगात आहे. त्यामुळे येथे भांडण रोज होते. युद्ध मात्र होत नाही.

लेखक आणि त्याचे भित्तिपत्रक

आता पुस्तकाच्या उणिवांकडे पाहिले पाहिजे. पुस्तक निघाले, त्याच वर्षी १८ एप्रिल १९४८ रोजी इटलीत सार्वत्रिक निवडणूक झाली. दोन वर्षांपूर्वी, १९४६ मध्ये, समाजवादी आणि कम्युनिस्ट यांना मिळून सुमारे ४० टक्के मते पडली होती आणि दे गास्पेरी यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ३५. आता डावे एकत्र आले होते, आणि इटली कोणत्या बाजूला जाणार, याकडे दोन्ही महासत्तांचे डोळे लागले होते. ग्वारेस्कींनी या लढाईत आपली लेखणी आणि कुंचला ख्रिस्ती लोकशाही पक्षासाठी झिजवला. मतपेटीच्या आडोशाला देव तुला पाहतो, स्टालिन पाहत नाही, या आशयाची त्यांची घोषणा घरोघरी पोचली. रशियात मेलेल्या इटालियन सैनिकाचा सापळा तारेच्या कुंपणामागून आईला साद घालतो आहे, असे त्यांचे भित्तिपत्रकही गाजले. निकाल लागला तेव्हा ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८.५ टक्के आणि डाव्या आघाडीला ३१ टक्के मते मिळाली.

भित्तिपत्रकाचा ग्वारेस्की आणि कथेचा ग्वारेस्की हे एकच गृहस्थ. पण त्यांचे धर्म वेगळे. भित्तिपत्रकाला एकच शत्रू लागतो आणि त्याचे तोंड दिसून चालत नाही. कथेला तोंड दिसावेच लागते. 'कान्दिदो'तील व्यंगचित्रांत ते कम्युनिस्टाला तीन नाकपुड्या काढीत; तिसरी कशासाठी, तर डोक्यातील मेंदू बाहेर जाऊन पक्षाचे हुकूम आत यावेत म्हणून. कथेतला पेप्पोने मात्र दोन नाकपुड्यांचा आहे. हा फरक लेखकाच्या कलेची प्रामाणिकता दाखवतो.

तरीही एक गोष्ट खटकते. पहिल्या पुस्तकात मॉस्को सतत आहे. वॉशिंग्टन जवळजवळ नाही. पेप्पोनेच्या पाठीमागची दोरी दिसते. दुसऱ्या बाजूची दिसत नाही. प्रत्यक्षात १९४८ च्या त्या निवडणुकीसाठी अमेरिकेच्या नव्या गुप्तचर संस्थेने पैसा पुरवला होता, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले आहे. कम्युनिस्ट जिंकले तर मदत बंद होईल, असे मार्च १९४८ मध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी जाहीरच केले होते, आणि अमेरिकेतील इटालियन वंशाच्या कुटुंबांना गावाकडच्या नातेवाइकांस पत्रे लिहिण्यास प्रोत्साहन दिले गेले होते. लहान जगावर दोन सावल्या पडल्या होत्या. ग्वारेस्कींनी त्यांतली एकच ठळक रंगवली. समीक्षकाने हे सांगितलेच पाहिजे.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की ते कोणाचे बांधील नव्हते. ज्या दे गास्पेरींसाठी १९४८ मध्ये ते झटले, त्यांच्या नावावरची युद्धकाळातील म्हणून आलेली काही पत्रे त्यांनी १९५४ साली छापली. पत्रे बनावट असल्याचे दे गास्पेरींचे म्हणणे होते. न्यायालयाने ग्वारेस्कींना बदनामीबद्दल दोषी ठरवले. अपील करण्यास नकार देऊन ते पार्माच्या तुरुंगात ४०९ दिवस राहिले. या प्रकरणात ते चुकले, असेच मला वाटते. पण स्वपक्षाच्या छत्राखाली सुरक्षित बसणारा हा माणूस नव्हता, हेही त्यातून दिसते.

ज्या कथा त्यांनी लिहिल्या नाहीत

याहून मोठी उणीव रक्ताची आहे. त्याच एमिलिया प्रदेशात, युद्धाच्या शेवटच्या दिवसांत आणि त्यानंतर, अनेक माणसे मारली गेली. त्यांत धर्मगुरूही होते. रोलान्दो रिव्ही हा १४ वर्षांचा सेमिनरीतला मुलगा. धोका असूनही अंगावरचा झगा उतरवायला तो तयार नव्हता. १३ एप्रिल १९४५ रोजी, मुक्तीला अवघे काही दिवस उरले असताना, कम्युनिस्ट गनिमांनी त्याला ठार केले. ५ ऑक्टोबर २०१३ रोजी मोदेना येथे त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ जून १९४६ रोजी, म्हणजे पेप्पोनेने कथेत कबुलीजबाब देण्याच्या सहा महिने आधी, कोर्रेज्जोजवळच्या सान मार्तीनो येथील प्रमुख धर्मगुरू उम्बेर्तो पेस्सिना यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली.

ग्वारेस्कींच्या पुस्तकात हे भय अजिबात नाही, असे नाही. शेवटच्या प्रकरणांत एक खून होतो, गाव मुके होते, डॉन कामिल्लोंवरही गोळी झाडली जाते आणि हसू ओठावर विरते. मात्र तो खुनी कोण, हे उलगडण्याआधीच पुस्तक नाताळच्या उबेत शिरते. लेखकाने तेथे थांबणे मला समजते. तरी वास्तव तेथे थांबले नाही.

कोर्रेज्जोचे वास्तव असे: जेर्मानो निकोलिनी हे तेथील कम्युनिस्ट नगराध्यक्ष, गनिमी लढ्यातले नावाजलेले तरुण, म्हणजे हाडामांसाचा पेप्पोनेच. मार्च १९४७ मध्ये फादर पेस्सिना यांच्या खुनाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि १९४९ मध्ये २२ वर्षांची शिक्षा. दहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. ते निर्दोष होते. खरे गुन्हेगार दुसरेच होते, आणि पक्षातील जाणत्यांनी तोंड मिटून घेतले होते. १९९० साली त्याच प्रांतातील एक जुने कम्युनिस्ट पुढारी, ओतेल्लो मोन्तानारी, यांनी वृत्तपत्रातून जाहीर आवाहन केले की ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आता बोलावे. स्वपक्षीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पण कोंडी फुटली, खऱ्या गुन्हेगारांनी कबुली दिली आणि १९९४ मध्ये, खुनानंतर ४८ वर्षांनी, निकोलिनी यांची निर्दोष मुक्तता झाली. ते २०२० साली, शंभरी पार करून वारले.

शीतयुद्धाचा उगम कसा होतो, हे कोर्रेज्जोत पुरतेपणी दिसते. एका बाजूने 'धर्मगुरू मेला म्हणजे मारणारा लाल सरपंचच' असे गृहीत धरणे सोयीचे झाले. दुसऱ्या बाजूने पक्षाचे नाव राखण्यासाठी आपल्याच निरपराध माणसाचा बळी देणे सोयीचे झाले. केनन आणि नोव्हिकोव्ह यांच्या तारांत जे राष्ट्रांविषयी होते, तेच येथे एका गावात माणसांविषयी झाले. आणि ४८ वर्षांनी गाठ सुटली ती कशाने? आपल्याच बाजूच्या माणसांना 'बोला' असे सांगणाऱ्या एका माणसामुळे. क्रुसावरून डॉन कामिल्लोशी जो आवाज बोलतो, त्याच जातीचा हा आवाज होता. फक्त तो पेप्पोनेच्या गोटातून उमटला. फादर पेस्सिना यांना न्याय मिळाला तोही त्यामुळेच, कारण निरपराधाला शिक्षा देऊन हुतात्म्याला न्याय मिळत नसतो.

ख्रिस्तसभेची वाट

पुस्तक निघाले त्यानंतरची वर्षे ख्रिस्तसभेला फार जड गेली. युगोस्लाव्हियात आर्चबिशप स्तेपिनाच १९४६ पासून तुरुंगात होते. हंगेरीत कार्डिनल मिन्झेन्ती यांना डिसेंबर १९४८ मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये जन्मठेप. १ जुलै १९४९ रोजी रोमहून आदेश निघाला, की जे जाणूनबुजून आणि स्वेच्छेने कम्युनिस्ट पक्षात सामील होतात, त्यांना संस्कार देऊ नयेत. छळाच्या त्या पार्श्वभूमीवर हा आदेश समजून घेतला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणून मोकळे होणे हे तुरुंगात खितपत पडलेल्यांशी बेइमानीचे ठरेल. तरीही मनात प्रश्न उरतो: १९४६ च्या नाताळात प्रायश्चित्तासाठी गुडघे टेकणारा पेप्पोने १९४९ नंतर कोठे गेला असता?

याचे उत्तर ख्रिस्तसभेने पुढे स्वतःच शोधले. पोप तेविसावे जॉन यांनी मार्च १९६३ मध्ये क्रुश्चेव्ह यांची कन्या आणि जावई यांना भेट दिली. एप्रिलमध्ये 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात चुकीची तत्त्वप्रणाली आणि तिच्यातून निघालेली माणसांची चळवळ यांत फरक करायला शिकवले. पोलंडच्या भूमीतून आलेले, कम्युनिझमचा चटका स्वतः सोसलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या विश्वपत्रात उदारमतवादी भांडवलशाही आणि मार्क्सवादी समूहवाद या दोहोंचीही झडती घेतली. नफ्याची हाव आणि सत्तेची तहान या दोन्हींना त्यांनी पापाच्या रचनांमध्ये बसवले. आणि २०१५ साली फ्लॉरेन्स येथे इटलीच्या ख्रिस्तसभेपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी डॉन कामिल्लोचाच दाखला दिला: चांगल्या धर्मगुरूची प्रार्थना आणि लोकांशी त्याची जवळीक तेथे कशी एकत्र नांदते, ते पाहा, असे त्यांनी सुचवले.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. ती विशिष्ट स्पर्धा संपली; तिला जन्म देणारी मनोवृत्ती कोणत्याही संघाबरोबर विसर्जित होत नाही. निवडणुका आपल्याकडेही होतात. एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकणारी दोन कुटुंबे त्यानंतर एकमेकांशी बोलेनाशी होतात. जमिनीच्या, पाण्याच्या, बांधकामाच्या प्रश्नावर गावात तट पडतात आणि प्रत्येक तटाला ख्रिस्त आपल्याच बाजूचा वाटतो. अशा वेळी हे पुस्तक कपाटातून काढून घरात मोठ्याने वाचावे. वाचताना मुले पेप्पोनेला हसतील. त्यांना हसू द्यावे. मोठ्यांनी मात्र प्रत्येक कथेत एवढेच पाहावे की क्रुसावरचा तो आवाज कोणाला उद्देशून बोलतो आहे.

पुस्तकाच्या अखेरीस नाताळ जवळ आला आहे. डॉन कामिल्लो गव्हाणीतल्या जुन्या मूर्ती रंगवीत बसले आहेत आणि पेप्पोने येऊन, कोणी न सांगता, मदतीला लागतो. त्याच्या राकट हातात बाळ येशूची मूर्ती येते आणि तो ती जपून रंगवतो. दोघांपैकी कोणीही आपले मत बदललेले नाही. मग पेप्पोने नदीकाठच्या काळोख्या रात्रीत बाहेर पडतो. तळहातावर त्या गुलाबी बाळाची ऊब त्याला अजून जाणवते आहे. ग्वारेस्कींनी दोन्ही जगांतील वैराला एवढेच उत्तर दिले आहे. ते अपुरे आहे, हे कोर्रेज्जोने दाखवले. खोटे आहे, असे मात्र कोणी दाखवू शकलेले नाही.